कलाअक्काची राखण

दिवेलागणीनंतर मागचं दार उघडायचं नाही, हा आमच्या शेवटच्या ओळीतल्या सगळ्या घरांचा नेम. मागे स्मशानाचं शेड आहे. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले तेव्हा आमच्या नशिबी हा आला आणि शेजारचा आधारआबांना. मी रडले होते. आबा हसून म्हणाले, "भागा, बरंच झालं, खांदेकऱ्यांना त्रास नको." त्यावर कलाअक्का, त्यांची बायको, दिवसभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

आमचं गाव धरणात गेलं. धरणगाव तालुक्यात एका मोठ्या गावाच्या कडेला सरकारने आम्हाला वसवलं. खोटं कशाला बोलू, पुनर्वसनाच्या निधीतून सगळं दिलं. शाळा दिली, पाण्याची टाकी दिली, समाजमंदिर दिलं, आणि वर पत्रा, खाली लोखंडी जाळी असलेलं हे शेड. समाजमंदिराची फीत कापायला पुढाऱ्यांची रांग लागली. शेडकडे मेलं कोणी फिरकलं नाही, नारळसुद्धा फुटला नाही.

शेड आलं तेही भांडणातून. आधी आम्ही मोठ्या गावाचंच स्मशान मागितलं होतं. तिथले भाईदास पाटील म्हणजे शब्दाला वजन असलेलं माणूस. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची त्यांना सवय. ग्रामसभेत तसेच खाकरले आणि म्हणाले, "राहा, पाणी प्या, पोरं शाळेत घाला. पण मेल्यावर आमच्यात येऊ नका. तिथे आमची माणसं आहेत." मग आमचं शेड झालं, तर त्यांच्याच गावात ओरड, आम्ही उघड्यावर जळतो आणि या उपऱ्यांना आल्याआल्या पत्रा! आम्ही काय हौसेने आलो होतो?

आणि एवढं भांडून मिळालेलं शेड वापरायला आमचंच कोणी तयार नाही. आमच्यात म्हणतात, नव्या मसणात पहिला जातो तो तिथला राखणदार होतो. दुसरा येईपर्यंत त्याने एकट्याने जागं राहायचं. दुसरा आला की पहिला सुटतो, राखण दुसऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणून आमची माणसं मेलेल्याला ट्रॅक्टरवर घालून पार धरणाच्या काठी न्यायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथून बुडालेल्या मारुतीचा ओटा दिसतो.

कलाअक्का जन्माची भित्री. अंधारात मोरीपर्यंत जायचं तरी आबांना उठवायची. मागच्या श्रावणात तिने अंथरूण धरलं, तेव्हा धरणाचं पाणी रस्त्यावर चढलेलं. काठाकडे जायची वाट बंद होती, हे तिला कळून चुकलं होतं. तिने आबांचा हात घट्ट धरला. "माले तठे एकलीले ठेवू नका."

मी उशाशीच होते. आबा म्हणाले, "राखण तुन्ही, पन बससू मी." मग कुठे तिची मूठ सैल झाली.

शेडात पहिली जळली ती अक्काच. तिचं तेरावं झालं आणि त्या दिवसापासून आबा रोज दिवेलागणीला डोक्याला टॉवेल गुंडाळून शेडच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. लोक म्हणाले, म्हातारा खुळावला. म्हणणाऱ्यांचं काय जातं, ज्याचं जळतं त्याला कळतं. मी बंद दाराआडून ऐकायची. आबा बोलायचे, मग थांबायचे, समोरचा उत्तर देत असल्यासारखे. त्या थांबण्यात मला बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. माझी मी समजूत घालायची, वारा असेल, पत्रा वाजला असेल. पण अक्काच्या बांगड्या मी ओळखत नाही का?

हिवाळ्यात आमच्याच वस्तीतल्या वनाची आई गेली. आबा त्याच्या दारात हात जोडून उभे राहिले. "वना, आईला आपल्या शेडात ने. माझी सुटेल रे."

वना भडकला. "तुमची सुटावी म्हणून माझ्या आईला बांधू?"

त्याचं तरी काय चुकलं? ट्रॅक्टर काठाकडे निघून गेला. आबा माझ्या ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "कोणाच्या मरणाची वाट बघायची पाळी आली, भागा." मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली.

यंदा अशी झड लागली की भिंतींना ओल फुटली. त्या झडीतच भाईदास पाटील गेले. मोठ्या गावाचं स्मशान नाल्याच्या काठी, तिथे कमरेएवढं पाणी. भाईदासांची मुलं समाजमंदिरात आली आणि खाली मान घालून उभी राहिली. शेड मागत होती.

"आता बरी आठवली आमची जागा," मीच म्हटलं. माझं तोंड कधी आवरलंय?

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा उठले. "आणा," म्हणाले. "माझ्या पडवीत कोरडी लाकडं आहेत, तीही घ्या."

पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि खाली भाईदास पाटील जळत होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. सुटली बिचारी अक्का, असं मनात आलं. आता हा म्हातारा घरी बसेल, पोटभर जेवेल, झोपेल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कळण्याची भाकरी केली, वर मिरच्यांचा ठेचा, आणि ताट घेऊन त्यांच्या दारात गेले. तर आबा टॉवेल गुंडाळत होते.

"आबा, आता कुठे? अक्का सुटली ना?"

"सुटी गई," ते म्हणाले. "काल तिना आवाज नही उना."

"मग?"

त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली. "भाईदासले तठे कोन वळखस?"

ताट माझ्या हातातच राहिलं. ते गेले. मी घरी आले आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा दिवेलागणीनंतर मागचं दार उघडून उंबऱ्यात बसले. पाऊस थांबला होता. ओट्यावर आबा काहीतरी सांगत होते, मग थांबले. बांगड्या वाजल्या नाहीत. कोणीतरी दोनदा खाकरलं.

तरी मी दार लावलं नाही.