मामाच्या पुस्तकातलं अकरावं प्रकरण

माझा मामा किल्ल्या बनवतो. बेचाळीस वर्षं त्याने लोकांची अडलेली दारं उघडून दिली, पण स्वतः कुणावर विश्वास टाकला असेल तर शपथ. घरातून निघताना कुलूप ओढून बघतो, चार पायऱ्या उतरतो आणि परत वर येऊन ओढून बघतो. मामी म्हणते, "मी माहेरी जाते म्हटलं तरी आधी विचारतात, नक्की माहेरीच ना?" मामा यावर हसत नाही. विचारण्यात गैर काय, असं त्याचं म्हणणं.

अशा माणसाने पुस्तक लिहिलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो वहीत लिहायचा, उघडलेल्या दारांच्या गोष्टी. कुणी नवऱ्याचं कपाट गुपचूप उघडून मागितलं, कुणाच्या आजोबांच्या जड पेटीतून नुसती बटणं निघाली, कोण स्वतःच्याच न्हाणीघरात दिवसभर अडकून बसलं. नऊ वह्या भरल्यावर तो माझ्याकडे आला. मी घरबसल्या टायपिंगची आणि छपाईसाठी पुस्तकांची पानं लावायची कामं करते. "तूच कर, तू घरची आहेस," म्हणाला, आणि वही मात्र एकच दिली. ती टाइप करून परत केली की दुसरी. मी म्हटलं, "मामा, मी काय वह्या घेऊन पळून जाणार आहे?" तर म्हणतो, "तू नाहीस गं. पण तुझ्याकडे येणारे-जाणारे?" माझ्याकडे येऊन-जाऊन येतात दूधवाला आणि माझी धाकटी जाऊ. दोघांना संशयितांच्या यादीत घातलं आणि कामाला लागले.

टाइप झालेलं हस्तलिखित एका प्रकाशकाकडे पाठवायचं ठरलं. पाठवण्याआधी मामाने त्यावर आपली कारागिरी केली. कुलूप घट्ट झालं तर त्यात तेल घालायचं नसतं, पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड घालायची असते. तीच पूड त्याने चाळिसाव्या पानापासून दर दहा पानांमागे चिमूट चिमूट पेरली. "जो चोरून उतरवून घेईल त्याची बोटं काळी होतील," तो म्हणाला. काळी बोटं शोधायला तू प्रकाशकाच्या दारात उभा राहणार आहेस का, हे मी विचारलं नाही, कारण तो राहिला असता.

सात महिन्यांनी गठ्ठा परत आला. सोबत पत्र होतं: आपलं लेखन आम्ही बारकाईने वाचलं, अतिशय आवडलं, परंतु सध्या आमच्या योजनेत बसत नाही. मामाने माझ्यासमोरच चाळिसावं पान उघडलं. पूड जशीच्या तशी होती. पन्नासावर होती, साठावर होती, शेवटपर्यंत होती. कुणी चोरलं नाही याचा आनंद त्याला जेमतेम मिनिटभर झाला असेल. मग त्याच्या लक्षात आलं की कुणी वाचलंही नाही. त्याचा चेहरा एवढासा झाला. मला त्या प्रकाशकाचा असा राग आला की ते पत्र मी तिथेच टराटरा फाडलं. मामाने तुकडे गोळा करून पाकिटात ठेवले, पुरावा म्हणून.

"आपणच काढायचं," तो म्हणाला. "लेखक मी, प्रकाशक मी. मध्ये कुणी नको." मग मुखपृष्ठ आलं, पुस्तकाच्या नोंदणीचा क्रमांक आला. हा क्रमांक कुणाकुणाला दिसतो आणि त्यावरून आपलं घर सापडतं का, हे त्याने मला दोनदा विचारलं. छापखानेवाले चांगले होते, पण दहा प्रकरणं वाचून त्यांनी अकराव्यावर बोट ठेवलं आणि फोन मला केला. "बाई, हा माणूस हयात आहे का?"

हयात होता. मामाच्या कोपरापासून हातभर अंतरावर.

त्याचं असं आहे की मामाचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे आणि ते मुळात दोघांचं. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला घड्याळजी. सहा वर्षं दोघं पाठीला पाठ लावून एकाच बाकावर बसून काम करायचे, डबा एकत्र खायचे. दोघांचा नियम होता: ज्याला कुणी ओळखत नाही, त्याचं घर उघडून द्यायचं नाही. एक दिवस एक बाई आली. किल्ली हरवली, चला म्हणाली. मामाने विचारलं, ओळख कुणाची? ती घड्याळजीकडे बोट करून म्हणाली, "हे काय, हे ओळखतात ना मला." मामाने वळून पाहिलं. डोळ्याला भिंग लावलेल्या घड्याळजीने मान हलवली. मामाने जाऊन दार उघडून दिलं. संध्याकाळी खरा घरमालक परतला तेव्हा घर धुऊन नेलेलं होतं. मामाला दोन दिवस पोलिसांनी बसवून ठेवलं. पोलिसांनी घड्याळजीला विचारलं तर तो म्हणाला, कोण बाई? मी कुणाला पाहिलं नाही.

मामा सुटून आला आणि त्याच दिवशी त्याने दुकानाच्या मध्ये प्लायवूड ठोकलं. त्याला तीस वर्षं झाली. इतकी वर्षं दोघं एका फळीच्या अल्याडपल्याड बसतात, एकमेकांच्या खोकल्याची वेळ त्यांना माहीत आहे, पण शब्द नाही. तू त्याला कधी विचारलंस का, असं मी म्हटलं तर मामा म्हणाला, "चोराला विचारून काय मिळतं?" अकराव्या प्रकरणात त्याने हेच लिहिलं होतं. घड्याळजीने त्या बाईशी संगनमत केलं, मान हलवून मला फसवलं, आणि नंतर हात वर केले. नाव नव्हतं, पण जिन्याखालचा घड्याळजी सगळ्या भागात एकच आहे.

छापखानेवाल्यांनी सांगितलं, त्या माणसाची परवानगी आणा, नाहीतर प्रकरण काढा. मामा म्हणाला, प्रकरण निघालं तर पुस्तकच नको. बाकीची दारं मी पोटासाठी उघडली, त्या एका दाराने माझं आयुष्य बदललं. त्याचं म्हणणं मला पटत होतं. पण एका म्हाताऱ्या माणसाला लोकांसमोर चोर ठरवायचं आणि ती पानं मी लावायची, हे मला झेपेना. शेवटी मामाला न सांगता मी घड्याळजीकडे गेले. मामा त्या दिवशी एका शाळेची कुलपं बदलायला गेला होता.

मी भाची मामाचीच. जाताना मनात ठरवून गेले होते की याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची, कुठे चुकतो ते बघायचं. घड्याळजी एक मोठं लंबकाचं घड्याळ टेबलावर उभं करून बसला होता.

"काका, मी शेजारच्यांची भाची. मामाचं पुस्तक येतंय. त्यात तुमच्याबद्दल लिहिलंय."

त्याने भिंग काढलं नाही. "लिहू दे."

"त्या बाईबद्दल लिहिलंय. जिच्यासाठी दार उघडलं होतं, तिच्याबद्दल."

त्याने लंबकाला बोटाने हलका धक्का दिला. "त्याला जे लिहायचं ते लिहू दे. मी काही बोलणार नाही. इतकी वर्षं नाही बोललो, आता काय बोलू."

आता तुम्हीच सांगा, यावरून कुणाला काय वाटेल? माझी तर खात्रीच झाली. न केलेल्या माणसाने निदान रागवायला हवं होतं. मला इतका संताप आला की आवाज चढला. "म्हणजे तुम्ही मान हलवली होती, असंच ना?"

आणि त्याने मान हलवली. सावकाश, दोनदा, तिसऱ्यांदा.

मी उठलेच होते. दारापर्यंत आले आणि मागे पाहिलं, तर तो अजून हलवत होता. समोर कुणी नव्हतं. घड्याळाला कान लावून बसला होता आणि लंबक एकेका बाजूला गेला की याची मान खाली. मी परत गेले आणि त्याच्या खांद्याला हात लावला. दचकला बिचारा.

"काका, आत्ता मी काय विचारलं?"

"काही विचारलंस का? ठोका बघत होतो. दोन्हीकडचा सारखा पडतोय का ते. कान लावला की बाकीचं ऐकू येत नाही मला."

मी धावत शाळेत गेले. मामा मुख्याध्यापकांच्या दारापुढे गुडघे टेकून बसला होता. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तू कशासाठी गेली होतीस ते त्याला कळलं. तुला दाखवायला केलं त्याने." मी म्हटलं, मामा, आता मात्र कमाल झाली. सहा वर्षं शेजारी बसलास, तुला कधी दिसलं नाही? "पाठ होती माझी त्याच्याकडे," तो म्हणाला. "किल्ली घासताना मान वर काढली तर बोट जातं. त्या दिवशी एकदाच वळून बघितलं." हे बोलताना त्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मामाने फळीचा एक स्क्रू काढला आणि त्या भोकाला डोळा लावून बसला. गिऱ्हाईकं यायची, किल्ली ठेवून जायची, मामा फळीला चिकटलेला. छापखान्यातून फोनवर फोन. मामी मला म्हणाली, "तुझ्या मामांना काय झालंय? रिकाम्या फळीशी बसतात म्हणे." तीन दिवसांनी तो माझ्याकडे आला. खुर्चीत बसला, पाणी मागितलं.

"गिऱ्हाईक असो नसो, हलवतो," तो म्हणाला. "काल डबा खाताना हलवत होता. भिंतीवर एक घड्याळ चालू होतं तर त्याच्या ठोक्यालाही मान हलवत होता."

मग त्याने जुनी पानं मागून घेतली आणि माझ्याच टेबलावर बसून अकरावं प्रकरण नव्याने लिहिलं. बाई आली, तिने शेजाऱ्याकडे बोट केलं, शेजारी घड्याळाचा ठोका मोजत होता, मी त्याला होकार समजलो. नंतर तीस वर्षं मी त्याला विचारलं नाही. चूक माझी. एवढंच. आधीची बारा पानं होती, ही दोन झाली. तीच छापली.

पुस्तकाचे गठ्ठे आले तेव्हा मामाने सगळे सोडून प्रत्येक प्रतीची पानं मोजली. दोन दिवस मोजत होता. नंतर एक प्रत कागदात गुंडाळली आणि मला म्हणाला, "तू चल बरोबर." फळीला वळसा घालून पलीकडे जायला सात पावलं लागतात.

घड्याळजीच्या टेबलावर तेव्हा एक उघडं मनगटी घड्याळ होतं. मामाने पुस्तक त्याच्या बाजूला ठेवलं, अकराव्या प्रकरणावर उघडून. "वाच," म्हणाला. तीस वर्षांतला पहिला शब्द. घड्याळजीने भिंग काढलं, चष्मा घातला आणि दोन्ही पानं अतिशय सावकाश वाचली. पहिलं पान परत वाचलं. मग मामाकडे पाहिलं.

"म्हणजे ती बाई तुझ्या ओळखीची नव्हती?"

मामाला कळेना. मलाही कळेना.

"तू तिला सामील होतास असं वाटलं होतं मला," घड्याळजी म्हणाला. "सुटून आलास आणि एक शब्द न बोलता आधी फळी ठोकलीस. लपवायचं असल्याशिवाय कोण फळी ठोकतं? पोलीस परत दोनदा आले माझ्याकडे. मी म्हटलं, मी काही बघितलं नाही. शेजारी आहे, त्याला घर आहे, बायको आहे. आपण कशाला तोंड उघडा."

मामा स्टुलावर बसला. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की कुणी त्याच्यावरही संशय घेत असेल. त्याचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. मग त्याने विचारलं, "मी चोर आहे असं वाटत होतं, तर मग दुकान का नाही हलवलंस? लोकांची एवढी घड्याळं तुझ्याकडे. मध्ये नुसतं प्लायवूड."

घड्याळजीने चष्मा काढून पुसला.

"दुसरीकडचा शेजारी कसा निघेल, काय सांगावं," तो म्हणाला. "तू निदान माहितीतला होतास."