बारावं कार्ड

एदेल्मिरा बुरितिका रोज सकाळी रेडिओ लावण्याआधी एका कोऱ्या कार्डावर लिहायची, आज पाऊस येईल किंवा येणार नाही. मग कार्ड पालथं घालून त्यावर कप ठेवायची आणि बटण फिरवायची. तिच्या बहिणीला, रोस्मिराला, हे खूळ वाटे. मानिसालेससारख्या सदा पावसाच्या डोंगरी शहरात पावसाचं भाकीत करायला एवढा कुटाणा कशाला, असं ती म्हणायची. एदेल्मिराचं म्हणणं, रेडिओने एकदा सांगितलं की आपल्याला आधी काय वाटत होतं ते आठवतच नाही.

या एका समजुतीवर तिचा सगळा धंदा उभा होता. दवाखाने, बसवाल्यांच्या संघटना, कॉफीच्या संस्था, कुणालाही पुढच्या वर्षांची दिशा ठरवायची असली की तिला बोलावत. ती माणसांना गोल बसवी आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड देई. बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या कार्डात डोकावायचं नाही, नाव घालायचं नाही. आधी स्वतःच्या मनातलं कागदावर, चर्चा त्यानंतर. त्या डोंगराळ मुलखात नवराबायकोसुद्धा एकमेकांना अहोजाहो करतात. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा. अशा ठिकाणी नाव नसलेलं कार्ड म्हणजे मोठी सोय होती.

नेइरा गावाजवळच्या एका कॉफी संस्थेत मात्र ती चुकली. म्हणजे, ती चुकली हे तिला दुसऱ्याच वर्षी कळलं. कशात चुकली, हे कळायला आणखी आठ वर्षं गेली.

संस्थेला कॉफीच्या वाळवणीची नवी शेड बांधायची होती. कार्यशाळेला बारा जण होते. संस्थेचे प्रमुख फाबियो अरिस्तिसाबाल यांना स्वागताचे दोन शब्द बोलायचे होते, आणि एदेल्मिराने रीत म्हणून बोलू दिलं. दोनाचे दोनशे झाले. बोलता बोलता फाबियोंनी खिडकीतून उतारावरच्या बांबूच्या बेटाखालच्या सपाट जमिनीकडे बोट दाखवलं आणि मला तर तिथे शेड उभी दिसतेच आहे, असं सांगून टाकलं. मग कार्डं वाटली गेली. अकरा कार्डांवर तीच सपाट जमीन निघाली. बारावं कोरं होतं.

तिने ते वर धरून विचारलं, याचं काय करायचं. कुणीतरी म्हणालं, पेनातली शाई संपली असेल. दुसरं म्हणालं, जेवणाची वेळ झाली म्हणून रिकाम्या पोटाने लिहिलंय. सगळे हसले. तीही हसली आणि फळ्यावर लिहिलं, एकमत.

शेड झाली. दुसऱ्या वर्षी अकरा दिवस पाऊस लागून राहिला, आणि बाराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला बांबूचं बेट उतारासकट उभंच्या उभं शेडवर आलं. बाकीचे पळाले. एलिएसेर तापास्को वाळवणीची भट्टी विझवायला आत गेला होता, तो आतच राहिला. बारा जणांतला तो एक. वीस वर्षं भट्टी सांभाळणारा माणूस.

एदेल्मिरा दफनाला गेली. चर्चबाहेर एलिएसेरची बायको तिला म्हणाली, "त्यांना ती जागा आवडली नव्हती. खालून पाणी बोलतं, म्हणायचे. तुम्ही विचारलं होतंत ना सगळ्यांना?" विचारण्यात टोमणा नव्हता. बाईला खरंच जाणून घ्यायचं होतं. एदेल्मिराने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तिला जमिनीखाली पाणी ऐकू येऊ लागलं. हॉटेलांच्या दालनांत, शाळांच्या सभागृहांत, लोक माना खाली घालून लिहायला लागले आणि खोली गप्प झाली की फरशीखालून कुणीतरी हळू आवाजात काही सांगतंय असं वाटे. शब्द लागत नसत. ती बूट काढून तळवा टेकवून पाही. फरशी थंड आणि मुकी असे. ते कोरं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. कडा मऊ झाल्या होत्या, मध्ये घडी पडली होती, आणि कधी बसमध्ये तर कधी दाताच्या डॉक्टरकडे ती ते काढून दोन्ही बाजूंनी बघायची.

दोष तिने फाबियोसाहेबांच्या स्वागताच्या भाषणावर ठेवला होता. एलिएसेरने त्यांना घाबरून कार्ड कोरं ठेवलं, असं तिने धरून टाकलं होतं. म्हणून तिने आपली पद्धत कडक केली. साहेब शेवटी बोलणार, तोवर बाहेर बसणार. कोरं कार्ड निघालं तर ते काय म्हणत असेल यावर प्रत्येकाने अंदाज सांगितल्याशिवाय जेवण नाही. लोक कुजबुजत, बाई कोऱ्या कागदाची प्रार्थना करते. कुजबुजू देत, असं तिचं म्हणणं. पण तिचं नाव झालं. आणि पाणी काही थांबलं नाही.

आठ वर्षांनी त्याच संस्थेतून फोन आला. शेड आता डोंगराच्या वरच्या टप्प्यावर बांधायची होती. जावं की नाही या विचारात ती आठवडाभर जेवणात लक्ष नसल्यासारखी वागली. रोस्मिरा म्हणाली, "जा बाई एकदाची. इथे बसून तरी कुठे इथे असतेस तू?"

ती गेली. बारा खुर्च्यांतल्या एकीवर एलिएसेरची मुलगी नुबिया होती. आता ती संस्थेत कॉफीची चव पारखायचं काम करत होती. फाबियो म्हातारे झाले होते, पण दोन शब्द तयार होते. एदेल्मिराने त्यांना व्हरांडा दाखवला.

"माझ्याच घरात मला तोंड बंद?"

"बंद नाही, साहेब. शेवटी."

ते आपला कप घेऊन, खुर्ची मुद्दाम फरफटत बाहेर गेले. कार्डं गोळा झाली. आठ जण वरच्या टप्प्याच्या बाजूने, चौघं विरुद्ध. एकही कोरं नाही. एदेल्मिराला वाटलं, आता सुटल्यासारखं वाटेल. खालून पाणी येतच होतं.

जेवणाच्या सुट्टीत राजम्याच्या वाडग्यावरून वाफ निघत होती तेव्हा ती नुबियाजवळ जाऊन बसली. पर्समधून ते जुनं कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं. हे तुमच्या बाबांचं असावं, म्हणाली. ते साहेबाला घाबरले, आणि त्यांना घाबरू दिलं ते मी, हेही तिने सांगितलं. आठ वर्षं मनात घोकलेलं वाक्य दोन घासांत संपलं.

नुबिया कार्डाकडे बघत राहिली. मग तिने अरेपाचा, मक्याच्या जाड भाकरीचा, तुकडा मोडला.

"बाबा कुणाला घाबरत नव्हते, बाई. घरी आम्हाला त्यांना गप्प बसवावं लागायचं." ती थोडी हसली. "त्यांना लिहिता येत नव्हतं. इथे सगळ्यांना माहीत होतं. काही भरायचं असलं की शेजारचे ओमारकाका भरून द्यायचे."

एदेल्मिराने हातातला चमचा खाली ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ना, शेजाऱ्याशी बोलायचं नाही म्हणून. घरी येऊन म्हणाले, बाई भली आहे, पण तिने माझी जीभ काढून हातात पेन दिलं."

नुबियाने ते रागाने सांगितलं नाही. वाडगं उचलून ती वाढून घ्यायला गेली, आणि येताना एदेल्मिरासाठीही डावभर घेऊन आली.

दुपारी एदेल्मिराने सकाळची कार्डं एकत्र करून रबर लावलं आणि बाजूला ठेवली. पावसाची चिन्हं होती, तरी ती सगळ्यांना घेऊन वरच्या टप्प्यावर चढली. एकेकाला बाकीच्यांपासून दूर नेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि काय वाटतं ते विचारलं. लिहिलं काहीच नाही, नुसतं ऐकलं. अंधार पडायला आला तरी सहाच जण झाले होते. फाबियो खालून हाका मारत होते, माझी पाळी कधी. तिने त्यांना उद्या यायला सांगितलं.

त्यानंतर तिला कामं कमी मिळू लागली. अशाने एका निर्णयाला आठवडा लागतो, कंपन्यांना परवडत नाही. सफाईवाल्या, स्वयंपाकीण, वाहनचालक यांच्या शेजारी ती बूट काढून बसे आणि त्यांचं संपेपर्यंत उठत नसे. पाणी थांबलं का, असं रोस्मिराने एकदा विचारलं. एदेल्मिरा म्हणाली, नाही, पण आता ते मला काही विचारत नाही, आपलं आपलं जातं.

डिसेंबरात छातीत दुखू लागलं म्हणून तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुसणाऱ्या बाई आत आल्या आणि खाटेशी येऊन थबकल्या. खाटेच्या कडेला अनवाणी तळवे फरशीवर टेकवून बसलेल्या एदेल्मिराने त्यांच्याकडे वळून विचारलं, "आधी खिडकीकडून पुसता, की मी पाय वर घेऊ?"