शटरजवळची जागा

आमच्या एजन्सीच्या गोदामात आज सूनबाईनं माल हलवायला काढला. कॉम्प्युटरवर तिनं खपाप्रमाणे मालाचे नंबर लावलेत. जास्त खपणारा शटरजवळ, कमी खपणारा मागच्या भिंतीला. हवा भरलेली चिप्सची पाकिटं पुढं आली, आणि ज्याच्यावर मी ही एजन्सी उभी केली तो धुण्याचा साबण मागं निघाला.

"वहिनी, हे कुठं लावू?" म्हादू हमालानं विचारलं. जन्मभर तो मला विचारत आला. मी शेजारीच उभा होतो. मला झोंबलं, खोटं कशाला सांगू?

खपेल ते पुढं, ही जगाचीच रीत. दुभत्या म्हशीपुढं पहिली पेंढी पडते. पण त्या पेंढीचा वास भाकड म्हशीलाही येतोच की.

मी साबणाच्या खोक्यावर बसकण मारली. "हे हलायचं नाही."

"बसा की आबा," सूनबाई हसली. "म्हादूकाका, आबांना वळसा घालून न्या."

सगळा माल माझ्या भोवतीनं गेला. मग चहा आला, आलं ठेचून घातलेला, मला आवडतो तसा. तोही तिच्याच हुकमानं.