मागची सीट

बीडच्या स्टँडमागे एक मिस्त्री आहे. बोलायच्या आधी तो हात पुसतो, आणि मग दोनच वाक्यं बोलतो. अपघातात माझा पाय गेला, तेव्हा माझ्या स्पोर्ट्स बाईकला मागे दोन चाकं बसवून त्यानंच ती तीनचाकी केली.

त्याच अपघातात बायकोचा मणका दुखावला होता. तिला वडवणीला माहेरी जायचं होतं, पण मागची उंच, अरुंद सीट तिला सोसवेना. मिस्त्रीनं सीट खाली घेतली, रुंद केली, पाठीला टेकण लावलं आणि स्वतःच मागे बसला.

"नेकनूरपर्यंत चला. खड्डे चुकवू नका."

परत आल्यावर त्यानं सगळं उसवलं.

"कावून?" मी विचारलं.

"कंबरेत धक्का बसतोय. ताईला सोसायचं न्हाई."

असं तीनदा झालं. शेवटी त्यानं माझ्या बायकोला बसवलं.

"ताई, भ्याव वाटलं तर ह्यांच्या खांद्यावर थाप मारा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "थांबायचं बरं का, भाऊ."

अपघाताच्या दिवशी ती मागून "हळू, हळू" म्हणत होती. मी ऐकलं नव्हतं, आणि हे त्याला कधी सांगितलंही नव्हतं.

वडवणीपर्यंत तिनं चार वेळा थाप मारली. मी चारही वेळा थांबलो.