निळा ठिपका

माझी पुतणी मुग्धा गणितात संशोधन करते. दुपारी तिच्या लॅपटॉपवर निळे-पिवळे ठिपके लुकलुकत होते.

"प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस, काका. तो शेजाऱ्यांकडे बघतो, टीव्हीवरचं ऐकतो आणि थोडं थोडं मत बदलतो."

बघता बघता पडदा पिवळा होत गेला. एका कडेला एकच निळा ठिपका उरला. मला तो आवडला.

"हा हट्टी दिसतो," मी म्हणालो.

"नाही हो, त्याला फक्त वेळ जास्त लागतो."

तेवढ्यात तोही पिवळा झाला.

मला एकदम आमचा बेकरीवाला आठवला. वीस वर्षं मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायचो. हल्ली रस्ता ओलांडून दुसरीकडे जातो. बेकरीवाल्याशी माझं भांडण नाही, पावही तसाच आहे. त्याच्यासारख्यांबद्दल टीव्हीवर रोज काहीबाही सांगतात, एवढंच. पण तिथे जायचं नाही, हे मी कधी ठरवलं? काही केल्या आठवेना.

"आपण बदललो, हे त्या ठिपक्याला कळतं का गं?"

"कळावं असं त्याच्यात काही ठेवलंच नाहीये मी."

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. बंद करायला म्हणून उठलो आणि रिमोट हातात धरून, बातम्या संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.