निपाणीचं नाक

आमच्या घरात एअर कंडिशन होतं, पण ते चालत नव्हतं. यातली दुसरी गोष्ट आप्पा, म्हणजे आमचे वडील, कुणाला सांगत नसत. बेळगावातलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा त्यांनी ते कपाटाएवढं धूड उचलून आणलं आणि सोप्याच्या, म्हणजे बाहेरच्या खोलीच्या, भिंतीला भगदाड पाडून बसवलं. एक उन्हाळा त्यानं गारवा दिला. ते चालू केलं की गल्लीतले दिवे मिणमिणायचे आणि आप्पांची छाती फुगायची. पुढच्या उन्हाळ्यात ते नुसतंच घरघरलं आणि गप्प झालं. आईनं त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. कुणी विचारलंच तर आप्पा म्हणायचे, "सध्या गरज न्हाय, म्हणून बंद ठेवलंय." बाहेर कुत्री जीभ काढून पडलेली असायची.

ते पुन्हा चालू करायची वेळ आली ती आमच्या आक्काला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा. बेळगावच्या अनगोळातलं स्थळ, आमच्यासारखंच जैन घर, मुलगा बँकेत. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून पाहणं भर दुपारी. आणि आमच्याकडे रीत अशी की मुलगी पसंत नसेल तर पाहुणे पोह्यांवरच उठतात. जेवायला थांबले तर ठरलं म्हणून समजायचं.

आमच्या घरात एक गोष्ट फक्त आक्काला आणि मला माहीत होती. हा मुलगा तिला आधीपासूनच पसंत होता. नात्यातल्या एका लग्नात दोघं बोलली होती, आणि तेव्हापासून तो दर रविवारी निपाणीला येऊन आमच्या तंबाखूच्या वखारीसमोरच्या वाचनालयात पेपर वाचत बसायचा. आक्कालाही अचानक वाचनाची गोडी लागली होती. आपल्या मामाला मध्ये घालून स्थळ सुचवायची युक्तीही त्याचीच. हे लग्न मोडलं असतं तर आक्का तोंडानं काही बोलली नसती, पण मला ते बघवलं नसतं.

अडचण मुलाच्या आईची होती. बोलणी चालू असताना शिंक आली की त्या अपशकुन मानून उठतात, मागचं एक स्थळ त्यांनी तसंच सोडलं, अशी खबर मामानंच कळवली. आमच्या आईनं सर्दी झालेल्या चुलत भावाला संकेश्वरला आत्याकडे पिटाळलं, सगळ्या फोडण्या सकाळीच उरकल्या आणि मला दम भरला, "नाक दाबून मर, पण शिंकू नगंस."

त्याच सकाळी रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा आला. यंत्रात डोकावून त्यानं कानडीत निकाल दिला, "गाळी बर्तद, तंपिल्ल." वारा येईल, गारवा नाही. मागची झडप उघडली तर बाहेरचा वारा तरी आत ढकलेल म्हणे.

"ढकलू दे की," आप्पा म्हणाले. "आवाज येतोय न्हवं? पाहुण्यांस्नी आवाजानंच गार वाटंल."

यंत्राची मागची बाजू वखारीच्या अंगणात होती. तिथं दोन हंगाम तंबाखू चाळली होती. त्याच्या पोटात काय साठलं असेल हे कुणालाही सुचायला हवं होतं. पण आम्ही पडलो निपाणीची माणसं. परगावचे पाहुणे वखारीशी आले की शिंकत सुटायचे आणि आम्हांला गंमत वाटायची, कारण आमच्या नाकांना त्या वासाचा पत्ताच नव्हता. यंत्र चालू करून आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहिलो. कुणाला काही झालं नाही. आप्पा खूश झाले.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. आक्का पोहे देऊन दाराशी बसली. ती त्याच्या आईला आवडल्याचं दिसतच होतं. त्यांनी पदर सावरला. "आमच्याकडनं काय आडकाठी न्हा..." म्हणाल्या आणि शिंकल्या.

त्या पाणी प्याल्या, जरा थांबून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा शिंक. मग मामा शिंकला. आप्पांना वाटलं, पाहुणे उकाड्यानं हैराण झालेत. "थांबा, वाढवतो की," म्हणत त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. सोप्यात तपकिरी धुरळा उतरला. मामा असा शिंकला की त्याचा चष्मा पोह्यांत पडला. आमच्याकडची नाकं मात्र कोरडी ठणठणीत. आमच्या शिंकांचा आईनं चोख बंदोबस्त केला होता, त्यांच्या शिंकांचा विचार कुणी केलाच नव्हता.

"उठा," नाकाला पदर लावून मुलाची आई म्हणाली. "ह्यो योग न्हाय."

आक्काचा चेहरा उतरला. मला तर ते धूड उखडून विहिरीत टाकावंसं वाटलं.

मुलगा उठला नाही. तो शांतपणे पोहे खात होता. त्याच्या आईची नजर त्याच्यावर थांबली. "तुला रं एक बी शिंक कशी आली न्हाय?"

"मला सवय हाय," तो बोलून गेला.

"कशाची सवय? ह्या तंबाखूची? तू निपाणीला कवा आलतास?"

त्याचा घास हातातच राहिला. तो आक्काकडे बघायला लागला, आक्का एअर कंडिशनकडे.

"दर आयतवारी गुंजीला दोस्ताकडं जातो म्हणायचास," त्याची आई सावकाश म्हणाली. गुंजी बेळगावच्या खाली, खानापूरच्या पुढं. निपाणी नेमकी उलट्या दिशेला. "गुंजीत तंबाखू कवापासनं व्हाय लागली रं?"

आक्काच उठली. तिनं यंत्राची पिन ओढून काढली, खिडक्या उघडल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन मुलाच्या आईसमोर उभी राहिली. "आदी डोळ्यांस्नी पाणी लावा," म्हणाली. त्यांनी डोळे धुतले, पुसले, लेकाकडे पाहिलं, मग आक्काकडे बराच वेळ पाहिलं. आणि पुन्हा खाली बसल्या.

"पोरानं आदीच ठरवल्यावर माझ्या शिंकंला कोण इचारतंय," त्या आमच्या आईला म्हणाल्या. "वाढा लवकर. दिस बुडायच्या आत जेवाय पायजे."

आक्का अनगोळला नांदायला गेली. पंचमीला पहिल्यांदा माहेरी आली, रिक्षातून उतरली आणि उंबऱ्यातच शिंकली. मग पुन्हा शिंकली. आम्ही पोट धरून हसलो, आक्काही हसली. आई मात्र डोळ्यांना पदर लावून आत गेली.