कंपनीचं हाफ इंजिन

जुन्या जीपवाल्यांच्या त्या मेळाव्याचं नाव काढलं तरी माझं डोकं आजही फिरतं. गोंदियात एका मैदानावर भरला होता. बक्षीस होतं 'कंपनीचं हाफ इंजिन' असलेल्या गाडीला. हाफ इंजिन म्हणजे इंजिनचा खालचा अर्धा भाग, ब्लॉक, क्रँक, पिस्टन. वरचं हेड बदला, रेडिएटर बदला, चालेल. खालचं मात्र कंपनीनं दिलं तसंच पाहिजे.

आमच्या जीपचं तसंच होतं. देवरी रोडवर बाबांनी अख्खी उमर तिच्यात सवाऱ्या वाहिल्या, आणि कुणी विचारलं की एकच सांगायचे, इंजिनले हात लागला नाही. बाबांचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. त्यांना नवा सदरा घालून मी खुर्चीवर आणून बसवलं होतं.

नागपूरहून आलेला परीक्षक, पांढरे बूट, हातात वही. धूर पाहून म्हणाला, हे बोर केलेलं वाटतं. सिलिंडर घासून मोठा केला की पिस्टनही मोठा टाकावा लागतो, मग ते कंपनीचं कसं, असं मलाच शिकवू लागला. माझा जन्म गेला गाड्यांत! केलं असतं तरी काय, ठिगळ लावल्यानं सदरा दुसऱ्याचा होतो का? पण इथं तर केलंच नव्हतं. म्हणजे हा माणूस माझ्या बापाला चारचौघांत खोटं ठरवून राहिला होता.

बाबा म्हणाले, जाऊ दे, घरी चल. मी ऐकतो काय! मिस्त्रीला बोलावून सगळ्यांसमोर हेड उतरवायला लावलं. म्हटलं, होऊ दे दूध का दूध, पानी का पानी. पिस्टनवरची काजळी मी स्वतः खरवडली. खाली आकडा निघाला, ०.५०. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन. बोर केलेलं होतं.

परीक्षकानं वहीत लिहिलं फक्त. त्यानं मी जास्तच पेटलो आणि बाबांवर उलटलो.

"काऊन खोटं बोलले, बाबा? इतकी वर्सं?"

ते जीपकडं बघत हळूच बोलले, "लायसन नवं होतं तुयं. लपून कचारगडच्या जत्रेले नेली होती ना जीप? रेडिएटरचं पानी नाही पाह्यलं तूनं. पिस्टन गेले होते, मी गुपचूप बोर करून आणलं. तुया मोठ्या बाबाले समजलं असतं, तर स्टेरिंगले हात नसता लावू देला तुले."

मोठे बाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. जीप त्यांच्या नावावर होती, घरात शब्दही त्यांचाच चाले. जत्रेहून येताना गाडी तापली होती, ती थंड करून मी गुपचूप आणून ठेवली होती. बाबांनी कधी विचारलं नाही. त्याच स्टेरिंगवर आज माझं घर चालतं.

लोक बाबांकडे बघत होते. म्हातारा थापाड्या निघाला, असं कुणीतरी हिंदीत म्हणालंसुद्धा. चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. सकाळपासून तोंडाचा पट्टा चालवणारा मी, पण ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.